खोस्तच्या गोष्टीला हुंकार

१

जेवण झालं, ताट-वाटी विसळून पालथी घातली, की दोनच्या सुमाराला मुकुल मागच्या लहान खोलीत जाऊन बसायचा. सिंगापूरमधल्या टॅम्पिनीसच्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमधली ती सगळ्यात लहान खोली. एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीला टेकवलेली इस्त्रीची फळी, खिडकीतून समोरच्या ब्लॉकच्या वाळत घातलेल्या कपड्यांच्या काठ्या. टेबल त्याच्या बायकोचं, अश्लेषाचं. तिला जाऊन दहा महिने झाले होते.

हार्बरफ्रंटच्या शिपिंग ऑफिसने तेव्हापासून त्याला सकाळचं काम घरून करायची मुभा दिली होती. दुपार मोकळी. ती मोकळी दुपार माणसाला खायला उठू नये, म्हणून की काय, अश्लेषा त्याच्यासाठी काम मागे ठेवून गेली होती. सत्तावीस रेकॉर्डिंग्ज. ती ऐकायची, शब्दन् शब्द टाइप करायचा आणि एका छोट्या संग्रहालयाकडे पाठवायचा. खोकला, हसू, मागचे आवाज, सगळं नोंदवायचं.

रेकॉर्डिंग्ज होती खोस्त नावाच्या गावाबद्दल. अफगाणिस्तानातलं, पठाणांचं, जिल्ह्याच्या ठिकाणासारखं शहर. तिथून पाकिस्तानची हद्द टॅक्सीने तासा-दीड तासावर. सांगणारे एकच होते, सखी मर्जान. सत्तरी ओलांडलेले, जन्मभर रेडिओ दुरुस्त केलेले. लढाईच्या वर्षांत काही काळ हद्दीपलीकडे निर्वासित म्हणून राहिल्यामुळे त्यांचं उर्दू चांगलं होतं. अश्लेषाचं हिंदी पुणेरी. पण दोघांचं छान जमलं होतं. ती त्यांना ‘काका’ म्हणायची; त्यांच्या पश्तोतही काकाला काकाच म्हणतात म्हणून ते खूश. आठवड्यातून दोनदा, इथले दुपारचे दोन आणि तिथले सकाळचे साडेदहा, अशा वेळी ती फोन स्पीकरवर टाकायची, शेजारी रेकॉर्डर ठेवायची आणि म्हणायची, “हं काका, बोला.”

तेवढं ‘हं काका, बोला’ ऐकण्यासाठी मुकुल दिवसभर थांबू शकला असता. तिच्या मृत्यूनंतर लोकांनी त्याला पुष्कळ काही दिलं, डबे आणून दिले, देवळात नाव घेतलं. पण तिचा आवाज दिला तो या कधी न पाहिलेल्या म्हाताऱ्याने. मुकुल त्यांचे मनातल्या मनात आभार मानायचा आणि हेडफोन कानाला लावायचा.

२

मुकुलला एक सवय होती. कुणी काही सांगत असलं की तो हुंकार द्यायचा. लहानपणी वडील गोष्ट सांगायचे तेव्हाची ती सवय. हुंकार थांबला की वडील गोष्ट थांबवायचे, त्यामुळे ती पक्की झाली होती. ऑफिसातल्या मीटिंगमध्येसुद्धा तो ‘हं’ म्हणायचा आणि मलेशियन साहेबाला वाटायचं, याला काहीतरी बोलायचं आहे.

एकोणिसावं रेकॉर्डिंग चालू होतं. काका वेढ्याच्या वर्षांबद्दल सांगत होते. शहरात सरकारी फौज, भोवतालच्या डोंगरांत बंडखोर, आणि दोन्हीकडे एकाच घरातले भाऊ.

“डोंगरातून एक बाई गाढवावर सरपण घेऊन यायची,” काका म्हणाले. “सरपणाच्या खाली रेडिओ. भाऊ डोंगरात, त्याचा रेडिओ बिघडलेला. मी दुरुस्त करून परत सरपणाखाली ठेवायचो. दुसऱ्या दिवशी फौजेतला सुभेदार यायचा, त्याचाही रेडिओ. दोघांनाही संध्याकाळी एकच स्टेशन ऐकायचं असायचं, बेटी. गाण्यांचं.”

“हं,” मुकुल म्हणाला.

काका थांबले. मग म्हणाले, “तुझ्याजवळ कोण बसलंय?”

“कुणी नाही, काका,” अश्लेषा म्हणाली. “एकटीच आहे.”

“नाही. पुरुषमाणूस आहे. आत्ताच ‘हं’ म्हणाला.”

मुकुलने हेडफोन काढले. समोरच्या ब्लॉकमध्ये कोकीळ ओरडत होता. या शहरात त्याला ना वेळ ना काळ. मुकुलने रेकॉर्डिंग मागे घेतलं आणि या वेळी ओठ मिटून ऐकलं. ‘गाण्यांचं’ नंतर, अश्लेषाच्या थोडंसं मागे, डाव्या बाजूला, एक ‘हं’ होता. जाड, जरा नाकातला. स्वतःचा आवाज माणसाला परका वाटतो म्हणतात. त्याला तो मुळीच परका वाटला नाही.

टंकलेखनाच्या नियमाप्रमाणे त्याने कंसात लिहिलं: अज्ञात पुरुषाचा हुंकार. मग उठून पाणी प्यायला.

३

घरी असेन मी त्या दिवशी, त्याने स्वतःला समजावलं. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. फाईलवर तारीख होती. त्याने जुनं कॅलेंडर उघडलं, मग पासपोर्ट. त्या दिवशी तो सकाळच्या फेरीबोटीने इंडोनेशियातल्या बाटम बेटावर गेला होता आणि रात्री परतला होता. पासपोर्टवर दोन्ही शिक्के होते.

शनिवारी जाई हॉस्टेलवरून आली. एकुलती एक मुलगी, विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला. त्याने तिला तेवढाच तुकडा ऐकवला. आईचा आवाज ऐकताना तिने नजर इस्त्रीच्या फळीवर ठेवली.

“बाबा, तुझाच आवाज आहे तो. घरी असशील लाह,” ती इथल्या मुलांच्या ढंगात म्हणाली.

“बाटमला होतो.”

“मग शेजारचे अंकल. भिंती पातळ आहेत.”

“शेजारचे अंकल हॉकियन चिनी बोलतात. ते मराठीत हं म्हणतील?”

“हं इज हं, बाबा. सगळ्यांचं सेमच.” ती हसली, मग तिचं हसू ओसरलं. “तू जेवतोस ना नीट? यू लुक टेरिबल.”

“तुझ्या आईच्या मते मी लग्नातही असाच दिसत होतो.”

जाताना चपला घालता घालता ती म्हणाली, “शेवटचं रेकॉर्डिंग ऐकलंस?”

“नाही.”

“नको ऐकूस. प्लीज. संग्रहालयवाले समजून घेतील.”

सत्तावीस नंबरचं रेकॉर्डिंग. बाकीची सगळी पन्नास मिनिटांच्या आतली होती. हे एक तास अठ्ठावन्न मिनिटांचं होतं. त्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला मुकुल घरी आला तेव्हा अश्लेषा टेबलावर डोकं ठेवून होती आणि रेकॉर्डरची बॅटरी संपलेली होती. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, साधारण तीनच्या सुमाराला, असं डॉक्टर म्हणाले. ही रक्तवाहिनी इस्पितळात असताना फुटली असती तरी आमच्या हातात फारसं काही नव्हतं, असंही म्हणाले. त्रास झाला नसावा, असंही. शेवटचं वाक्य सगळे डॉक्टर सगळ्यांना सांगतात, हे मुकुलला ठाऊक होतं.

४

विसाव्या रेकॉर्डिंगला त्याने परीक्षा घ्यायची ठरवली. फाईल नवी, कधी न ऐकलेली. पहिली वीस मिनिटं तो तोंडातून अवाक्षर न काढता बसला. काका खोस्तच्या बाजाराबद्दल सांगत होते: पोत्यांतल्या चिलगोजे नावाच्या पाइनच्या बिया, त्या भाजल्याचा वास, हद्दीवरच्या गुलाम खान नाक्याकडे निघालेले रंगीत ट्रक, आखातात टॅक्सी चालवणाऱ्या मुलांनी बांधलेली पक्की घरं आणि त्या घरांत राहायला कुणी नाही. अश्लेषा मधूनमधून प्रश्न विचारत होती. दुसरा कुठलाच आवाज नव्हता.

एकविसाव्या मिनिटाला, वाक्याच्या मध्यात, काही कारण नसताना, तो मोठ्याने म्हणाला, “हं.”

हेडफोनमध्ये अश्लेषाचा श्वास अडकला.

खुर्ची कुरकुरली. तिची पावलं दारापर्यंत गेली, कडी हलली, पावलं परत आली. मग रेकॉर्डरच्या अगदी जवळ तिचा श्वास, वरवरचा, भरभर. काका विचारत होते, “बेटी? बेटी, फोन चालू आहे ना?” ती बऱ्याच वेळाने म्हणाली, “हो. इथे… काही नाही, काका. बोला.”

मुकुलने फाईल बंद केली. त्याला एक जुनी संध्याकाळ आठवली. कांदा चिरता चिरता अश्लेषा म्हणाली होती, “त्या खोलीत दुपारी कुणीतरी असतं रे.” आणि तो म्हणाला होता, “लिफ्टचा आवाज असेल. नाहीतर तुझा तो पठाण आला असेल चहाला.” ती हसली नव्हती. पुन्हा तिने तो विषय काढला नाही.

ज्याला ती घाबरली होती, तो मी होतो, हे त्याने त्या दुपारी पहिल्यांदा स्पष्ट शब्दांत मनाशी म्हटलं. बायकोच्या शेवटच्या महिन्यांत तिच्या खोलीत जाऊन बसणारं, दिसत नसलेलं, हुंकार देणारं ते जे काही होतं, ते मी.

५

चार दिवस त्याने खोलीला कुलूप घालायचं तेवढं बाकी ठेवलं. मग राहवेना. एकविसावं रेकॉर्डिंग त्याने रुमाल तोंडाशी धरून ऐकलं.

सुरुवातीलाच अश्लेषा म्हणाली, “काका, तुम्ही म्हणता ते खरं आहे. इथे कुणीतरी येतं. मला भीती वाटते.”

काकांकडे कुठेतरी कोंबडा आरवला.

“तो काही बोलतो?”

“नाही. नुसता हं म्हणतो.”

“मग तो ऐकायला आलाय. ऐकायला आलेल्याला काय भ्यायचं? बसायला दिलंस?”

“काय?”

“आमच्या बैठकीत अनोळखी माणूस आला तर तीन दिवस त्याला नाव विचारत नाहीत, बेटी. कुठून आला, का आला, कुणाचा शत्रू, काही नाही. आधी बसायला द्यायचं, मग चहा, मग भाकरी. वेढ्याच्या दिवसांतसुद्धा हेच. सांगायचं असेल तर तो सांगेल.”

अश्लेषाला हसू आलं. बारीकसं, पण ते तिचंच हसू होतं. “आमच्याकडे पाहुण्याने चपला काढायच्या आत विचारतात. आडनाव काय, मूळ गाव कुठलं.”

“आणि चहा?”

“तो उत्तर बरोबर आलं की.”

काका खोकत खोकत हसले. मग टेबलाजवळ काहीतरी सरकल्याचा आवाज आला. दुसरी खुर्ची. ती ओढून डाव्या बाजूला ठेवल्याचा. मुकुल ज्या खुर्चीवर बसला होता ती. दहा महिन्यांत ती त्याने जागची हलवली नव्हती, इथेच का ठेवलीय असा प्रश्नही त्याला पडला नव्हता.

“बसा,” अश्लेषा म्हणाली. मराठीत.

मुकुलने रुमाल खाली घेतला. बाविसाव्यापासून पुढे प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला दोन कप ठेवल्याचा आवाज होता. त्या आठवड्यांत संध्याकाळी मोरीत दोन कप दिसायचे. “कोण आलं होतं गं?” असं त्याने एकदा विचारलं होतं. “पाहुणे,” ती म्हणाली होती, आणि त्याने, देवा, त्याने त्या उत्तराचा दोन दिवस नाही नाही तो विचार केला होता.

त्या पाच दुपारी तो जपून, काकांचं वाक्य पूर्ण झाल्यावर, हळू आवाजात हुंकार देत राहिला. तिचा श्वास पुन्हा कधी अडकला नाही. घरातल्या घरात, आपल्याच बायकोने आपला एवढा पाहुणचार करावा, हे त्याला जिवंतपणी कधी लाभलं नव्हतं. कुणाच्या जिवंतपणी, ते मात्र त्याला नीट ठरवता येईना.

६

सव्वीस संपलं. संग्रहालयाची मुदत आठ दिवसांवर आली. मुकुलने मर्जानकाकांना फोन लावला.

“थकू नका,” काका म्हणाले. वाटेवरून आलेल्या प्रत्येकाला त्यांच्यात असंच म्हणतात. मग त्यांनी अश्लेषासाठी दुवा मागितली, जाईची चौकशी केली, सिंगापूरला थंडी पडते का ते विचारलं. सगळं झाल्यावर मुकुलने विचारलं, “काका, त्या शेवटच्या दिवशी काय झालं?”

“मी फोन लवकर ठेवला, बेटा. तिच्याकडे पाहुणा आला होता. पाहुणा आला की घरच्या माणसाला फोनवर अडकवून ठेवायचं नाही. नंतर कळलं तेव्हा मी स्वतःला खूप बोललो. फोन चालू असता तर मला कळलं असतं. तुझा नंबर तिने मला दिलेला होता.”

मुकुलने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“तू त्या माणसाला ओळखतोस?” काकांनी विचारलं.

“हो,” मुकुल म्हणाला. “ओळखतो.”

“मग माझा सलाम सांग. आणि त्याला म्हणावं, मी त्याला कधी नाव विचारलं नाही.”

फोन ठेवल्यावर मुकुल संध्याकाळपर्यंत गॅलरीत उभा राहिला. हिशेब सरळ होता. त्याचा हुंकार ऐकून काकांनी फोन ठेवला. हुंकार नसता तर काका लाइनवर राहिले असते, त्यांनी फोन केला असता, अँब्युलन्स आली असती. डॉक्टर म्हणाले होते उपयोग नव्हता; पण डॉक्टर म्हणतातच. जे घडून गेलं ते घडून गेलं, हे समजण्याइतका तो शिकलेला होता. आणि तरीही ती फाईल अजून कुणी उघडलेली नव्हती. उघडून गप्प बसलो तर? तोंड दाबून, पूर्ण एक तास अठ्ठावन्न मिनिटं?

त्याने ठरवलं. गप्प बसायचं.

७

दोन वाजता त्याने फाईल लावली.

“हं काका, बोला,” अश्लेषा म्हणाली. कप ठेवल्याचे दोन आवाज आले. तिचा आवाज ओढलेला होता. काका खोस्तच्या जुन्या किल्ल्याबद्दल सांगू लागले. मुकुलने रुमालाचा बोळा दातांत धरला होता. पाच मिनिटं. दहा. खालून भोंगा वाजवत जुनं सामान घेणारा गेला. तो आत्ताचा की तेव्हाचा, ते त्याला कळलं नाही.

अठराव्या मिनिटाला ती म्हणाली, “काका, सकाळपासून डोकं खूप दुखतंय.”

“मग झोप, बेटी. गुरुवारी बोलू.”

“नको. बोलत राहा. आज पाहुणे आले नाहीत. खुर्ची रिकामी आहे. आज कसंतरी वाटतंय, काका. एकटं.”

काका पुन्हा किल्ल्याकडे वळले. पण ती आता ऐकत नव्हती. तिची खुर्ची डावीकडे वळल्याचा आवाज आला, मग तिचा श्वास, संथ, वाट पाहत असलेला. मुकुलच्या उजव्या गालावर ती ऊब येत होती. त्याने डोळे मिटले. रुमाल दातांत रुतला. फक्त गप्प बसायचं होतं. म्हाताऱ्याला लाइनवर राहू द्यायचं होतं.

“आहात का?” तिने मराठीत विचारलं. इतक्या हळू, की काकांना ऐकू गेलं नसेल.

एकीकडे डॉक्टरांचं म्हणणं कदाचित चूक असेल ही आशा होती. दुसरीकडे ही, विचारणारी.

मुकुलने रुमाल काढला.

“हं,” तो म्हणाला.

तिने सुटकेचा श्वास सोडला. काका बोलता बोलता थांबले. “आला वाटतं. चहा दे त्याला, बेटी. मी ठेवतो.” फोन कट झाल्याचा आवाज आला आणि मग नुसती खोली. पंखा. कोकीळ. दूर एमआरटी रेल्वेची घरघर.

“मुकुल,” ती म्हणाली. “तूच ना रे?”

“हो.”

“मला वाटलंच होतं. एवढं नाकात हं दुसरं कोण म्हणणार?” कपाळ टेबलावर टेकवल्यासारखा मऊ आवाज आला. “डोकं फार जड झालंय. आता तू बोल. काहीही सांग.”

त्याने रेकॉर्डिंग थांबवलं नाही, मागेही घेतलं नाही. लॅपटॉपचा पडदा मघाशीच काळा झाला होता आणि त्या काळ्या काचेत त्याला ती दिसली. टेबलावर आडवा हात, हातावर गाल, तोंड डावीकडे. तिच्या शेजारची खुर्ची, तो बसला होता ती, काचेत स्पष्ट दिसत होती. त्या खुर्चीत कुणी नव्हतं.

तो दचकला. मग त्याने ठरवलं की आता हे बघत बसायला वेळ नाही, आणि तो बोलू लागला.

त्याला काही मोठं सुचेना. तिचे आभार मानावेत असं फार वाटलं, पण पंचवीस वर्षांत ते कधी केलेलं नव्हतं आणि आता केलं असतं तर तिला संशय आला असता. त्याने तिला जाई आता भात न करपवता करते हे सांगितलं. “हं,” अश्लेषा म्हणाली. कढीलिंबाचं रोप त्याने पाणी घालून घालून मारलं ते सांगितलं. “हं.” यात थोडं हसू होतं. शेजारच्या अंकलनी दारावर संत्र्यांची पिशवी लावून ठेवली, महिनाभर, रोज दोन, आणि एकदाही बेल वाजवली नाही. “हं.” काकांनी सलाम सांगितला आहे.

“हं.”

पुढचा हुंकार उशिरा आला. त्याच्या पुढचा आणखी उशिरा. प्रत्येक वेळी मुकुल बोलणं थांबवून कान द्यायचा आणि प्रत्येक वेळी तो मागच्यापेक्षा सावकाश, सैल, झोपेत शिरणाऱ्या माणसाचा असायचा. त्रास झाला नसावा. नव्हता झाला. ते आता त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

मग एका वाक्याला हुंकार आला नाही.

वडील अशा वेळी गोष्ट थांबवायचे आणि पांघरूण घालायचे. मुकुलने थांबवली नाही. रेकॉर्डिंगचा तासभर अजून बाकी होता आणि ती त्याच्या शेजारी होती. उद्या बाजारातून मेथी आणायची आहे, तो म्हणाला, ती निवडायला मला नेहमी वेळ लागतो, तर सकाळी लवकर निघेन म्हणतो. आणि जाई येणार आहे, तिच्यासाठी जरा जास्तच आणतो.